मांडीवर सूप घेऊन बसलेली कामगार

निपाणीच्या एका तरुण चित्रकला शिक्षकांनी विचारलं आहे: विडी कामगार बायकांच्या संघटनेला कार्यालयाची बाहेरची भिंत एक मेच्या आधी रंगवून हवी आहे. नमुने शोधले की सगळीकडे उगारलेली मूठ, दातेरी चक्र आणि हातोडा घेतलेला पुरुषच दिसतो. आजवर कलावंतांनी कामगार आणि कामगार चळवळ कशी दाखवली, आणि त्यातलं आमच्या भिंतीसाठी काय घेता येईल?

सर, तुमच्या भिंतीसारखंच एक काम मी पंचवीस वर्षांपूर्वी केलं होतं आणि ते चुकलं होतं. तिथूनच सुरुवात करतो.

बेळगावात विडी कामगारांचा मोर्चा होता आणि मला कापडी फलक रंगवून द्यायचा होता. मी तीन रात्री जागून एक पिळदार दंडाचा माणूस काढला. मागं सूर्य, हातात हातोडा. शरीररचना अगदी चोख होती, त्याचा मला अभिमानही वाटत होता. मोर्चाच्या सकाळी फलक उलगडला तेव्हा एक वयस्क बाई बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "चित्र झ्याक हाय सर. पर ह्यो गडी कोण? आन् आमी कुठं हाय ह्यात?" मोर्चात निम्म्याहून जास्त बाया होत्या. हातोडा कुणाच्याच हातात नव्हता. तो प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही मी त्याच वाटेनं देणार आहे.

कामगाराचं चित्र म्हणून आपल्या डोळ्यांत जे बसलं आहे ते उभ्या राहिलेल्या, जोर लावणाऱ्या पुरुषाचं आहे. विडी मात्र बसून वळतात. मांडीवर सूप, मान खाली, हालचाल फक्त बोटांत. लांबून बघणाऱ्याला वाटतं की ही बाई आरामात बसली आहे. कष्ट म्हणजे फुगलेले स्नायू अशी सवय नजरेला लागली की दिवसाला हजार विड्या वळणारी बाई दिसेनाशीच होते.

हे उभं रूप कुठून आलं ते थोडक्यात सांगतो. 1937 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात सोव्हिएत दालनाच्या माथ्यावर वेरा मुखिना या शिल्पकर्तीचं पोलादी जोडशिल्प उभं राहिलं. कारखान्यातला तरुण आणि सामुदायिक शेतीवरची तरुणी हातोडा व विळा उंचावून पुढं झेपावताहेत. उंची जवळजवळ 25 मीटर. जगभरच्या भित्तिपत्रकांनी ती झेप उचलली. आपल्याकडं चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर देवीप्रसाद रायचौधरींचं 'ट्रायम्फ ऑफ लेबर' 1959 पासून उभं आहे. चार माणसं एक प्रचंड धोंडा हलवताहेत. याच मरीनाच्या वाळूवर 1923 साली कामगार नेते सिंगारवेलरांनी भारतातला पहिला मे दिन साजरा केला होता. ते शिल्प मी तासभर फिरून पाहिलं आहे. ते पोकळ नाही. भार पायातून कमरेत आणि कमरेतून खांद्यात कसा चढतो हे रायचौधरींना पक्कं ठाऊक होतं. पण त्याची नक्कल करणाऱ्यांनी भार सोडून दिला आणि नुसते दंड घेतले. माझा फलक त्यातलाच होता.

आता त्याच्याही मागं जाऊ. फ्रान्सचा गुस्ताव कुर्बे. 1849 साली त्यानं रस्त्याकडेला खडी फोडणारी दोन माणसं काढली, एक म्हातारा आणि एक पोरगा. दोघांचेही चेहरे दिसत नाहीत. म्हातारा टोपीखाली झाकला गेला आहे आणि पोरानं आपल्याकडं पाठ केली आहे. त्या काळी असं मोठं कापड राजेरजवाड्यांसाठी आणि देवादिकांसाठी राखलेलं असे. त्यावर खडी फोडणारे आले हीच मोठी गोष्ट होती. दुसऱ्या महायुद्धात 1945 साली ते चित्र नष्ट झालं, आज फक्त छायाचित्रांतून कळतं. मला त्यातला पोरगा जास्त बोचतो. हाच पोरगा पुढं तो म्हातारा होणार हे दोन आकृत्या शेजारी ठेवूनच कुर्बेनं सांगितलं. खानापूर रस्त्याला खडी फोडणारी कुटुंबं आम्ही लहानपणी बघायचो. तिथंही हेच दिसायचं. पण या चित्रात सोसणं आहे, चळवळ नाही. ती दोघं एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत.

चळवळ दाखवणारं पहिलं मोठं काम माझ्या मते केथे कोलविट्झ या जर्मन बाईचं आहे, आणि इथं मी जरा थांबणार आहे, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त हिच्याकडूनच शिकता येईल.

1844 साली सायलेशिया या त्या वेळच्या जर्मन मुलखातल्या विणकरांनी उठाव केला होता. त्यावर गेरहार्ट हाउप्टमान यांनी नाटक लिहिलं, ते 1893 साली कोलविट्झनं पाहिलं, आणि पुढची चार वर्षं खपून सहा मुद्राचित्रांची मालिका केली. तीन शिलामुद्रणं, म्हणजे दगडावरून घेतलेले ठसे, आणि तीन अम्लरेखनं, म्हणजे आम्लानं कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून घेतलेले. मी वडगावच्या विणकर गल्लीत वाढलो. आमच्या घरात माग होता आणि झोपायची जागा मागाच्या उरलेल्या जागेत असायची. म्हणून पहिलं चित्र पाहिल्यावर मला ते परदेशातलं वाटलंच नाही. बुटकं, अंधारं घर, मागं माग, पुढं आजारी लेकरू आणि डोकं हातात धरून बसलेली आई. दुसऱ्या चित्रात मृत्यू घरात शिरतो.

तिसरं चित्र म्हणजे या मालिकेचा कणा. त्याचं नावच 'मसलत'. अंधाऱ्या जागेत एका टेबलाभोवती चार माणसं डोकी जवळ आणून बसली आहेत. ना घोषणा, ना हत्यार. ठरवणं चाललं आहे, एवढंच. चौथ्यात मोर्चा निघतो आणि त्यात एक बाई झोपलेलं पोर पाठीवर घेऊन चालते आहे. पाचव्यात कारखानदाराच्या बंगल्याच्या फाटकापाशी बायका फरसबंदीचे दगड उपटून पुरुषांच्या हातात देताहेत. सहाव्यात मेलेल्यांना पुन्हा त्याच मागाच्या घरात आणून ठेवतात.

या मालिकेला 1898 साली बर्लिनच्या प्रदर्शनात सुवर्णपदक द्यावं अशी शिफारस परीक्षकांनी केली. जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा, त्यानं ती नाकारली. त्याला नेमकं काय खुपलं असेल यावर मी पुष्कळ विचार केला आहे. भूक दाखवलेली राजाला चालते, त्यावर दानधर्म करता येतो. पण भुकेलेली माणसं एकत्र बसून ठरवताहेत हे दाखवलं की दानधर्माचा मार्ग बंद होतो. हे माझं अनुमान आहे, पण आजवर पाहिलेल्या चित्रांनी ते पक्कंच केलं आहे. कष्ट दाखवणारी चित्रं ढिगानं सापडतात. मूठ दाखवणारी त्याहून जास्त. कामगार विचार करताहेत, वाद घालताहेत, हिशेब मांडताहेत अशी चित्रं फार थोडी आहेत. चळवळ तर बहुतेक वेळ अशीच असते: कुणाच्या तरी पडवीत, कंदिलाच्या किंवा बल्बच्या उजेडात, कामं आटोपल्यावर.

इटलीच्या पेलिझ्झा दा वोलपेदोचं 1901 सालचं 'चौथा वर्ग' हे पाच मीटरांहून लांब चित्र तुम्ही पाहिलं असेलच. गर्दी आपल्याकडं चालत येते, पुढं दोन पुरुष आणि कडेवर बाळ घेतलेली एक बाई. पुढच्या रांगेतल्यांचे हात नीट बघा. ते मुठी आवळून धावत नाहीत, बोलता बोलता चालताहेत, बोलण्यातले हातवारे करताहेत. पेलिझ्झानं आपल्याच गावची माणसं समोर उभी करून हे काढलं आणि त्याआधी याच विषयावर दोन आवृत्त्या करून बाजूला ठेवल्या. दहा वर्षांचं काम आहे ते.

भिंतीवरचं काम म्हटलं की मेक्सिकोच्या दिएगो रिवेराचं नाव येतंच. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या संग्रहालयात त्यानं 1932 – 33 मध्ये 27 भागांचं भित्तिचित्र केलं. फोर्डच्या मोटार कारखान्यात त्यानं आधी कित्येक आठवडे नुसती रेखाटनं केली आणि मगच भिंतीला हात लावला. म्हणून त्याची यंत्रं खरी वाटतात, यंत्राशी वाकलेली पाठही खरी वाटते. मात्र या कामाचे पैसे फोर्ड घराण्यातून आले होते. तो तिथं पोचण्याआधी काही आठवडे, 7 मार्च 1932 ला, त्याच कारखान्याच्या दारात बेकारांच्या मोर्चावर गोळीबार होऊन माणसं मेली होती. तो मोर्चा भिंतीवर नाही. रिवेराला मी यासाठी दोष देत नाही, तो मोठाच चित्रकार होता. पण भिंत कुणाची आणि पैसे कुणाचे, यानं चित्रात काय येतं आणि काय गळतं ते ठरतं. तुमची भिंत बायकांच्या वर्गणीची आहे. एवढं मोकळेपण फार थोड्या चित्रकारांना मिळतं, ते वापरा.

आपल्या देशातलं सगळं इथं सांगत नाही. नंदलाल बोस यांनी 1938 च्या हरिपुरा इथल्या काँग्रेस अधिवेशनासाठी केलेल्या फलकांत पिंजारी, चांभार, सुतार अशी रोजच्या कामातली माणसं आहेत, ठळक रेषा आणि मोजके मातकट रंग. लांबून वाचता येणारं चित्र कसं करायचं ते त्यांत शिकायला मिळतं. रामकिंकर बैज यांचं शांतिनिकेतनमधलं 1956 चं 'मिल कॉल' जरूर बघा. गिरणीचा भोंगा झाला म्हणून धावत निघालेल्या दोन संथाळ बाया, मागं पोर, वाऱ्यावर फडफडणारं ओलं कापड. सगळं सिमेंट आणि मुरमाच्या खड्यांत घडवलेलं. बाई कामगार आहे, घाईत आहे आणि दीनवाणी नाही. चित्तप्रसाद यांची लिनोकटं, म्हणजे लिनोलियमवर कोरून घेतलेले ठसे, तर मी दरवर्षी वर्गात दाखवत आलो. 1943 च्या बंगालच्या दुष्काळावरच्या त्यांच्या पुस्तकाच्या प्रती इंग्रज सरकारनं जप्त करून जाळल्या. एका लिनोच्या तुकड्यातून शेकडो ठसे निघतात, प्रत्येक कामगाराच्या घरात एक लावता येतो. तुमच्या भिंतीबरोबर एक छोटं लिनोकट करून बायकांना वाटता आलं तर बघा.

मराठी मुलखात कामगाराचं चित्र रंगाआधी आवाजात आलं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक 1944 चं. अण्णाभाऊंनी तमाशाच्या गणात गणपतीच्या जागी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन आणलं, आणि त्यांच्या रंगमंचावर गिरणी कामगार, हमाल, घाटावरून मुंबईला पोट भरायला आलेला माणूस उभा राहिला. 'माझी मैना गावावर राहिली' ही त्यांची छक्कड आपल्या भागात अजून म्हणतात. मुंबईला गेलेल्या माणसाची गावी राहिलेली बायको, आणि शेवटाकडं त्याच विरहात बेळगाव, कारवार ही नावं येतात. कामगाराची ताटातूट आणि मुलखाची ताटातूट एकाच उपमेत. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांना त्यात आधी नवरा आठवायचा. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी लालबाग-परळला होतं.

कोल्हापूर आपल्याला जवळ, म्हणून एक आवर्जून सांगतो. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' हा चित्रपट 1925 चा. सावकाराकडं जमीन गमावून शहरात गिरणीत जाणारा शेतकरी त्यात आहे, ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांची. कामगार कुठून येतो हे मूकपटाच्या काळात कोल्हापुरात दाखवलं गेलं, याचा मला फार आदर वाटतो.

अलीकडच्यांत सुधीर पटवर्धन. ठाण्याला त्यांनी वर्षानुवर्षं डॉक्टरकी केली आणि सोबत चित्रं काढली. 1977 चं 'इराणी रेस्टॉरंट', 1981 चं 'ओव्हरब्रिज'. त्यांचा कामगार विजयी नसतो आणि बिचाराही नसतो. अंग जड, नजर कुठंतरी आत. 1982 च्या गिरणी संपानंतर काय झालं ते त्यांच्या 2001 च्या 'लोअर परेल'मधून कळतं. तिथं परिसरच बदललेला आहे.

आता तुमच्याच गावाकडं येतो. कोलविट्झपासून इथवर मी जे शोधत होतो ते निपाणीत घडलेलं आहे. 1982 साली 'युगांतर' या बायकांच्या पुढाकारानं चालणाऱ्या चित्रपटगटानं निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर एक लघुपट केला, 'तंबाखू चाकीला ऊब आली'. या गटात दीपा धनराज, आभा भैया, नवरोज कॉन्ट्रॅक्टर आणि मीरा राव होते. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी पुण्याच्या घरकामगार बायकांवर 'मोलकरीण' केला होता. हा निपाणीचा लघुपट कृष्णधवल आहे. वखारींच्या आतलं दृश्य त्यात आहे: तंबाखू चाळणाऱ्या, पाखडणाऱ्या बाया, तोंडावर पदर, हवेत धूळ. निपाणीच्या माणसाला वेगळं सांगायला नको, तो वास रस्त्यावर उभं राहिलं तरी घशात बसायचा.

मोलाची गोष्ट पुढंच आहे. चित्रपटवाले आले आणि चार शॉट घेऊन गेले असं झालं नाही. जवळजवळ चार महिने ते या बायकांबरोबर राहिले, त्यांच्या कहाण्या ऐकल्या, संघटना कशी उभी राहिली त्यावर बोलले. आणि मग बायकांनीच आपल्या लढ्यातले प्रसंग कॅमेऱ्यापुढं पुन्हा करून दाखवले. ज्या बाईनं तो अनुभव घेतला तीच तो वठवते आहे. कोलविट्झची 'मसलत' एका चित्रकर्तीनं नाटक पाहून कल्पिली होती. निपाणीत मसलत करणाऱ्या बाया स्वतः पडद्यावर आहेत. मी हा लघुपट फार उशिरा पाहिला. बैठकीचा प्रसंग आला तेव्हा मला तो फलक आठवला, आणि त्या बाईला काय हवं होतं ते पहिल्यांदा पुरतं समजलं. याच बायकांच्या संघटनेवर छाया दातार यांचं 1989 सालचं पुस्तकही आहे, इंग्रजीत. तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून मागवून घ्या.

इथं एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. 1981 चं निपाणीचं तंबाखू आंदोलन, शरद जोशींच्या नेतृत्वाखालचं, महामार्गावर बसलेल्या शेतकऱ्यांचं, ज्यात एप्रिलमध्ये गोळीबार झाला, ते तंबाखूच्या भावासाठी होतं. वखारीतल्या आणि विडी वळणाऱ्या बायकांचा लढा मजुरीचा आणि कामाच्या जागेचा. काळ एक, पीक एक, पण मागणं वेगळं. भिंतीवर दोन्ही एकत्र रंगवलेत तर मोठं आंदोलन लहानाला गिळेल. तुम्हाला बोलावलं आहे ते बायकांनी.

मग भिंतीवर काय काढायचं? सर, आधी आठ दिवस ब्रश धरूच नका. वही घेऊन त्यांच्या दारात बसा. मोबाइलवर फोटो काढून घरी येऊन रेखाटू नका, फोटोत मानेचा ताण येत नाही. सूप मांडीवर कसं तोललेलं असतं, एक पाय दुमडून दुसरा कसा लांब केलेला असतो, भिजवलेलं पान पत्र्यावर ठेवून कातर कशी फिरते, जर्दा भरताना अंगठा कुठं असतो, दोरा कसा आवळला जातो, तोंड मिटवताना नख कसं लागतं, हे एकेक वेगळं काढा. काम चुकीचं काढलं तर पहिल्याच दिवशी ती भिंत त्यांच्या लेखी संपली. सुपात दोऱ्याचं रीळ विसरलं तरी त्या दाखवतील.

मग छाट. माल द्यायला गेल्यावर तपासणारा मूठभर विड्या वाईट म्हणून बाजूला काढतो आणि त्या मजुरीत धरल्या जात नाहीत. मजुरी दर हजार विड्यांमागं असते, म्हणून बाईला घरूनच जास्तीच्या वळून न्याव्या लागतात. 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यातही या छाटीवर तरतुदी होत्या, इतका हा जुना सल आहे. चित्रकाराच्या दृष्टीनं बघा: एक हात विड्या मोजतो, दुसरा बाजूला टाकतो, समोर ती बघत उभी. आख्खा झगडा दोन हातांत आणि एका नजरेत आहे. त्यासाठी सूर्य, चक्र, साखळदंड काही लागत नाही. तपासणाऱ्याला राक्षस करू नका, तोही बहुधा पगारीच असतो. त्याचा नुसता हात दाखवा.

भिंतीचा मधला, सगळ्यात मोठा भाग मात्र बैठकीला द्या. दहा-बारा बाया, वयं वेगवेगळी, एकीच्या मांडीवर लेकरू, एकीच्या पुढ्यात वही, एक बोलते आहे आणि दुसरी तिचं पटलेलं नाही अशा चेहऱ्यानं ऐकते आहे. मतभेद दाखवायला घाबरू नका, त्याशिवाय बैठक खरी वाटत नाही. वहीवरची अक्षरं मराठी आणि कन्नड दोन्ही काढा. त्यांच्या बोलण्यात दोन्ही भाषा सरमिसळ असतात, सभेतही असतात. चेहरे खऱ्या बायकांवरून घ्यायचे तर प्रत्येकीला स्वतंत्र विचारा. काहींना भिंतीवर चेहरा नको असेल, काम देणारा बघेल याची धास्ती असते. त्यांची पाठ काढा, कुर्बेनंही काढली होती.

रंगाचं थोडं. काव, पिवळी माती, काळा आणि एकच हिरवा, ओल्या पानाचा. लाल हवाच असेल तर तो एखाद्या लुगड्याला द्या, आकाशाला नको. भिंत नैऋत्येला तोंड करून असेल तर पावसाचा मारा थेट बसेल. जुना चुना पूर्ण खरवडून घ्या, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात पापुद्रे निघतील. प्रायमर मार्चअखेर वाळलेला हवा. एप्रिलात वळीव कधी कोसळेल सांगता येत नाही.

कच्चा आराखडा कागदावर झाला की मला पाठवण्याआधी तो त्यांच्या पुढच्या बैठकीत जमिनीवर पसरा. काही बोलू नका, लांब बसा. आणि "आमी कुठं हाय ह्यात?" असं कुणी विचारलं, तर खडू तिच्याच हातात द्या.